धर्मांधतेचे वाचन आणि वाचकाची श्रद्धा

धर्मग्रंथांच्या वाचनाने माणसाची श्रद्धा दृढ होते किंवा क्वचित डळमळते, हे आपण नेहमी ऐकत आलो आहो. परंतु धर्माचे नाव घेऊन माणसांनी माणसांवर जे अत्याचार केले, त्यांच्या हकिगती वाचून वाचकाच्या स्वतःच्या श्रद्धेचे काय होते, या प्रश्नाचा विचार आपण फारसा करीत नाही. वस्तुतः हे दुसऱ्या प्रकारचे वाचन आपल्या वाट्याला पहिल्याहून अधिक येते. ज्ञानेश्वरी किंवा गाथा नित्यनेमाने उघडणारी घरे आज मोजकीच असतील. पण कुठे तरी धर्मावरून माणसे मारली गेली, घरे जळली, ही वार्ता ज्या घरात पोचत नाही असे घर शोधूनही सापडणार नाही.

अशी वार्ता वाचल्यावर एक वाचक म्हणतो, ‘हे लोक असेच.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे धर्म असेच.’ आणि एखादाच असा निघतो, की तो वर्तमानपत्र खाली ठेवून स्वतःला विचारतो, ‘यातले माझ्या घरात किती आहे?’ पहिल्याच्या श्रद्धेची भिंत होते. दुसऱ्याची श्रद्धा मावळते. तिसऱ्याची मात्र मुशीत घातलेल्या सोन्याप्रमाणे तापून निघते. तिच्यातले हीण जळते आणि जे उरते ते पूर्वीपेक्षा वजनाने कमी, पण कसाला अधिक उतरणारे असते. मजकूर एकच असता तीन वाचकांच्या तीन वाटा का होतात, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे. आणि त्यासाठी कोलकात्यासारखे दुसरे शहर नाही. मराठी माणूस ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कलकत्ता म्हणत आला, त्या नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना आणि धर्मविषयक वाद हे जवळजवळ हातात हात घालून आले. लोक काय वाचत होते आणि वाचून त्यांचे काय झाले, याचा लेखी पुरावा तेथे जितका सलग सापडतो, तितका या देशात अन्यत्र क्वचितच सापडेल.

या कथेचा पहिला नायक अर्थातच राजा राममोहन राय. आजच्या हुगळी जिल्ह्यातील राधानगरच्या एका सुखवस्तू ब्राह्मण घराण्यात १७७२च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते फार्सी व अरबी शिकले, पुढे संस्कृत शिकले, आणि इंग्रजी तर त्यांनी प्रौढ वयात आत्मसात केली. त्यांचे पहिले उपलब्ध पुस्तक बंगालीतही नाही आणि संस्कृतातही नाही. ‘तुहफत-उल-मुवाहिदीन’ म्हणजे ‘एकेश्वरवाद्यांस भेट’ हे ते फार्सी पुस्तक १८०३-०४ साली निघाले आणि त्याची प्रस्तावना अरबीत होती. निरनिराळ्या पंथांचे लोक एका परमेश्वराला मानण्यात एकमत असता, केवळ आपापल्या विशेष आचारांपायी एकमेकांना पापी ठरवितात, इतकेच नव्हे तर परस्परांना छळण्यातही पुण्य मानतात, याचा उलगडा करण्याचा तो प्रयत्न होता. त्या पुस्तकाच्या शेवटी राममोहनांनी माणसांचे चार वर्ग केले आहेत : फसविणारे, फसलेले, फसलेले असून पुन्हा इतरांना फसविणारे, आणि ईश्वरकृपेने या दोहोंतही नसलेले. यातला तिसरा वर्ग सर्वांत विचार करण्याजोगा आहे. धर्मांध माणूस बहुधा लबाड नसतो. तो प्रामाणिकपणे फसलेला असतो आणि त्याच प्रामाणिकपणाने दुसऱ्याला फसवीत असतो. ही गोष्ट ज्याला वाचनातून उमगली, त्याला धर्मांधाविषयी नुसता संताप येऊन भागत नाही. स्वतःविषयी शंकाही येऊ लागते.

१८१४च्या सुमारास राममोहन कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले आणि १८१५ साली त्यांनी आपल्या स्नेह्यांची ‘आत्मीय सभा’ स्थापिली. त्याच वर्षापासून कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातील सतीच्या प्रकारांची पद्धतशीर नोंद ठेवावयास आरंभ केला. या नोंदी म्हणजे पोलिसांचा कोरडा कारभार होता : स्त्रीचे नाव, वय, जात, ठिकाण, तारीख. त्यांत वर्णन नाही आणि अश्रूही नाहीत. परंतु त्या आकड्यांनी जे केले, ते शेकडो प्रवचनांनी झाले नसते. १८१५ साली ३७८ स्त्रिया सती गेल्याची नोंद झाली; १८१६ साली ४४२, १८१७ साली ७०७ आणि १८१८ साली ८३९. या ८३९ पैकी ५४४ एकट्या कलकत्ता विभागातल्या होत्या. १८१५ ते १८२८ या चौदा वर्षांची बेरीज ८,१३४ भरते.

आकडे वाढत का गेले, याची कारणे अनेक सांगता येतात. नोंद अधिक काटेकोर होऊ लागली, हे एक. १८१७-१८च्या पटकीच्या साथीने मृत्यू वाढले, हे दुसरे. परंतु एक कारण फार बोचणारे आहे. सरकारने ‘शास्त्रसंमत’ सती आणि ‘शास्त्रबाह्य’ सती असा भेद करून पहिलीला मुभा दिली होती. चितेजवळ दरोगा उभा राही, विचारपूस करी आणि सर्व विधिपूर्वक आहे असे पाहून परत जाई. त्याची उपस्थिती ही बंदी न ठरता जणू परवानगीची मोहोरच ठरली. क्रौर्याचे नियमन करू गेले म्हणजे कित्येकदा क्रौर्याला प्रतिष्ठाच मिळते, हा धडा त्या कोरड्या तक्त्यांत दडलेला होता.

आता या वाचनाचा परिणाम निरनिराळ्या माणसांवर कसा झाला, ते पाहू. सदर न्यायालयाकडून शास्त्रार्थाविषयी पृच्छा झाली तेव्हा मृत्युंजय विद्यालंकार या नामांकित पंडितांनी १८१७ साली मत दिले, की सहगमन हे विधवेवर बंधनकारक नाही. व्रतस्थ राहून आयुष्य कंठणे हाच अधिक श्रेयस्कर मार्ग होय. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे मृत्युंजय राममोहनांच्या पक्षाचे नव्हते. त्याच वर्षी वेदान्ताच्या प्रश्नावर त्यांनी राममोहनांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला होता. रूढीचा अभिमान बाळगणारा एक विद्वान, रूढीच्या मुळाशी असलेले ग्रंथ शांतपणे वाचावयास बसला आणि रूढीच्या विरुद्ध निर्णय देऊन उठला. श्रद्धा सोडल्यावाचून मत बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

राममोहनांनी १८१८ साली सतीच्या प्रश्नावर बंगालीत छोटेसे पुस्तक लिहिले, ते संवादाच्या रूपाने. त्यात एक ‘प्रवर्तक’ म्हणजे सतीचा पुरस्कर्ता आहे आणि दुसरा ‘निवर्तक’ म्हणजे तिचा विरोधक. प्रवर्तकाला राममोहनांनी मूर्ख रंगविलेले नाही. तो वचनांमागून वचने देतो, आणि त्याच्या बाजूचे जेवढे बळ असेल तेवढे मांडतो. मग निवर्तक उत्तर देतो : मनूने विधवेला चितेची नव्हे, व्रतस्थ जीवनाची आज्ञा केली आहे, स्वर्गाच्या आशेने केलेले काम्य कर्म हे निष्काम कर्माहून हीन, हे तर सर्व शास्त्रांचे मत, आणि समजा वचन मानलेच, तरी स्त्रीला चितेला बांधून वर बांबूंनी दाबून धरण्याची आज्ञा कोणत्या वचनात आहे? १८१९ साली दुसरा संवाद निघाला. त्यात तर वाद शास्त्राच्या प्रांतातून निघून थेट घराच्या आत शिरतो. स्त्रिया अल्पबुद्धी असे तुम्ही म्हणता, पण त्यांच्या बुद्धीची परीक्षा तुम्ही घेतलीत केव्हा, असा निवर्तकाचा सवाल आहे. पुढे १८२२ साली राममोहनांनी स्त्रियांच्या वारसाहक्कावर लिहिले आणि धर्माच्या आवरणाखाली मालमत्तेचा प्रश्न कसा दडलेला असतो, ते दाखवून दिले.

हा संवादाचा घाट केवळ लेखनाची सोय नव्हता. वाचकाची श्रद्धा बदलते ती कशी, याचे मर्म त्यात आहे. माणसाला सरळ सांगितले, की ‘तू मानतोस ते क्रूर आहे’, तर तो कान मिटून घेतो. परंतु त्याच्याच मनातले युक्तिवाद कोणी तरी त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडून दाखविले, तर तो ऐकू लागतो. आणि एकदा ऐकू लागला, की पुढचे उत्तर त्याला परक्याचे वाटत नाही. ते त्याच्या स्वतःच्या मनात उठलेल्या शंकेसारखे वाटते. श्रद्धेवर बाहेरून घाव घातला तर ती कठीण होते. आतून प्रश्न उठला तर ती वाढते.

याची उलट बाजूही कलकत्त्यानेच दाखविली. १८१८च्या मे महिन्यात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक सुरू केले. १८२१च्या डिसेंबरात राममोहनांच्या प्रेरणेने ‘संवाद कौमुदी’ निघाली. भवानीचरण बंद्योपाध्याय हे आरंभी कौमुदीशी संबंधित होते. परंतु सतीच्या प्रश्नावर मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि १८२२च्या मार्चमध्ये त्यांनी ‘समाचार चंद्रिका’ काढली. आता एकाच शहरात, एकाच भाषेत, एकाच घटनेच्या दोन हकिगती छापल्या जाऊ लागल्या. कौमुदीचा वाचक जेथे एक जळणारी स्त्री पाहत होता, तेथे चंद्रिकेचा वाचक धोक्यात आलेला धर्म पाहत होता. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला, तेव्हा १८३०च्या जानेवारीत विरोधकांनी ‘धर्मसभा’ स्थापिली आणि विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. १८३२ साली ते अपील फेटाळले गेले.

या विरोधकांना अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. त्यांचे अग्रणी राधाकांत देव हे ‘शब्दकल्पद्रुम’ या विशाल संस्कृत कोशाचे कर्ते. मुलींच्या शिक्षणाचे साहाय्यक. हिंदू कॉलेजच्या कारभारात प्रमुख. म्हणजे वाचन त्यांचेही दांडगे होते. मग राममोहनांना जे दिसले ते त्यांना का दिसू नये? माझ्या मते याचे उत्तर बुद्धीत नाही, अभिमानाच्या दुखण्यात आहे. त्या काळी हिंदूंच्या रूढींची निंदा मुख्यतः परधर्मी मिशनरी आणि परके राज्यकर्ते यांच्या लेखणीतून उतरत होती. श्रीरामपूरच्या विल्यम वॉर्ड यांनी हिंदूंच्या चालीरीतींवर लिहिलेला ग्रंथ चाळला, तर माहितीबरोबरच एक तुच्छताही ओळीओळीतून जाणवते. अशा लेखणीने दाखविलेला दोष खरा असला तरी वाचकाला तो दोष दिसत नाही. त्याला स्वतःचा अपमान तेवढा दिसतो. मग तो दोषाचेच रक्षण करू लागतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती येथूनच बळावते.

राममोहनांचे मोठेपण असे, की त्यांनी हा सापळा ओळखला. स्वतःच्या समाजातील क्रौर्यावर ते जितक्या कठोरपणे लिहीत, तितक्याच ठामपणे त्यांनी मिशनऱ्यांच्या उपहासालाही उत्तर दिले. आणि ‘समाचार दर्पण’ने त्यांचे उत्तर पुरते छापण्याचे नाकारले, तेव्हा १८२१ साली त्यासाठी स्वतंत्र नियतकालिक काढले. शिवाय वाचनाचा परिणाम एकाच दिशेने झाला असेही नाही. विल्यम ॲडम हे बॅप्टिस्ट मिशनरी राममोहनांसह नव्या कराराचे बंगाली भाषांतर करावयास बसले होते. योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययाचा अर्थ ‘त्याने’ की ‘त्याच्या द्वारे’ असा वाद निघाला. त्या एका शब्दाचा पाठपुरावा करता करता ॲडम यांचा त्रिमूर्तीच्या सिद्धान्तावरील विश्वासच उडाला आणि १८२१ साली ते उघडपणे एकेश्वरवादी झाले. धर्मांतर करावयास आलेल्या माणसाचेच मतांतर झाले, म्हणून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांची थट्टा ‘दुसऱ्यांदा पतन पावलेला ॲडम’ अशी केली. एकमेकांचे ग्रंथ एकमेकांच्या शेजारी बसून वाचणे ही किती धोक्याची आणि किती फलदायी गोष्ट आहे, ते यावरून कळेल.

यानंतर रंगभूमीवर आली ती हिंदू कॉलेजातील तरुण पिढी. १८१७ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात १८२६ पासून हेन्री डेरोझिओ नावाचा विलक्षण तरुण शिक्षक शिकवू लागला. त्याचे विद्यार्थी ह्यूम वाचीत. टॉमस पेन यांच्या धर्मचिकित्सक ग्रंथावर तर त्यांच्या अक्षरशः उड्या पडल्या. धर्माच्या नावाने चाललेले ढोंग आणि जुलूम यांच्या हकिगती वाचून या मुलांची मने पेटली. प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांना आले, ही त्या वाचनाची मोठी देणगी होय. परंतु १८३१च्या ऑगस्टमध्ये कृष्णमोहन बंद्योपाध्याय यांच्या घरी जमलेल्या त्यांच्या मित्रांनी गोमांस खाऊन हाडे शेजारच्या सनातनी ब्राह्मणाच्या घरात फेकली. कृष्णमोहन त्या वेळी घरी नव्हते. तरी त्यांना स्वतःचे घर सोडावे लागले. डेरोझिओला त्यापूर्वीच कॉलेजातून जावे लागले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो पटकीने वारला. शेजाऱ्याच्या अंगणात पडलेल्या त्या हाडाने कोणाचीही बुद्धी मुक्त केली नाही. एका धर्मांधतेविषयी वाचून दुसरी धर्मांधता जन्मास येते ती अशी. कालचा श्रद्धाळू आज अश्रद्ध झाला, एवढ्याने तो सहिष्णू होतोच असे नाही. कित्येकदा त्याने फक्त देव बदललेला असतो, स्वभाव तोच असतो.

या दोन टोकांच्या मधली वाट काढली ती देवेंद्रनाथ ठाकुरांनी. आजीच्या मृत्यूनंतर त्यांचे मन संसारावरून उडाले होते. एके दिवशी एका संस्कृत पुस्तकाचे सुटे पान वाऱ्याने उडत त्यांच्यासमोर आले. त्याचा अर्थ त्यांना लागेना, म्हणून रामचंद्र विद्यावागीशांना विचारले, तेव्हा ते पान ईशोपनिषदाचे असल्याचे कळले. हा प्रसंग त्यांनीच आत्मचरित्रात नोंदविला आहे. १८३९ साली त्यांनी ‘तत्त्वबोधिनी सभा’ स्थापिली. आरंभी वेद हे अपौरुषेय व निर्दोष आहेत अशी त्यांची धारणा होती. परंतु त्यांचे सहकारी अक्षयकुमार दत्त यांनी शंका काढली, की वेद न वाचताच ते निर्दोष कसे ठरवावयाचे? तेव्हा देवेंद्रनाथांनी चार विद्यार्थी काशीस पाठविले, एकेका वेदाच्या अध्ययनासाठी एकेक. ते विद्यार्थी परत आले, पुष्कळ चर्चा झाली, आणि १८५०च्या सुमारास ब्राह्मसमाजाने वेदांच्या निर्दोषत्वाचा सिद्धान्त सोडून दिला. मात्र देवेंद्रनाथांनी उपनिषदे सोडली नाहीत. त्यांतली जी वचने अंतःकरणाला साक्ष पटवितात, ती निवडून त्यांनी आपला ‘ब्राह्मधर्म’ ग्रंथ सिद्ध केला. अक्षयकुमार दत्त मात्र बुद्धिवादाच्या वाटेने पुढे गेले आणि त्यांनी भारतातील उपासक संप्रदायांचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. एकाच वाचनाने एकाची श्रद्धा निवळली आणि दुसऱ्याची विरघळली. तरी दोघेही एकमेकांच्या वाटेत हाडे टाकीत बसले नाहीत, हे विशेष.

या विचारमंथनाचे लोण महाराष्ट्रातही आले. १८६४ साली केशवचंद्र सेन मुंबईस आले, आणि १८६७च्या मार्चमध्ये आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. पुढे रानडे व भांडारकर त्यात आले. प्रार्थनासमाजाने कोणताही ग्रंथ अचूक मानला नाही; तरीही तुकारामादी संतांचा हात सोडला नाही. उलट, मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून राहिलेले देवेंद्रनाथांचे पुत्र सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. म्हणजे परंपरेची चिकित्सा आणि परंपरेवरील प्रेम ही दोन्ही एका मनात नांदू शकतात, याचा अनुभव आपणही घेतलेला आहे.

पुढची पायरी रवींद्रनाथांची. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या लेखनात प्राचीन हिंदू समाजरचनेचे गौरवपर चित्रण आढळते. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी वंगभंग अमलात आला, त्या दिवशी त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या हातांत राख्या बांधल्या. परंतु १९०७ साली पूर्व बंगालात दंगे झाले, त्यांच्या वार्ता आल्या आणि रवींद्रनाथ अंतर्मुख झाले. इंग्रजांनी फूट पाडली असे म्हणून सर्वजण मोकळे होत असता त्यांनी लिहिले, की फूट पाडणाऱ्याला फट सापडली ती आपल्याच वागणुकीत. शेजाऱ्याला आपल्या बैठकीवर शेजारी बसू न देणारे आपणच. त्याच वर्षी ‘प्रवासी’ मासिकातून ‘गोरा’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि १९१० पर्यंत चालली.

गोरा हा कडव्या आचारधर्माचा तरुण. परक्यांनी केलेल्या निंदेच्या संतापातून तो कडवा झालेला आहे, आणि हे निदान किती अचूक आहे ते राधाकांत देवांच्या उदाहरणाने आपण पाहिलेच. तो खेड्यांत हिंडतो तेव्हा त्याला एक गाव भेटते. तेथे निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाने नागविलेल्या मुसलमान कुटुंबातील पोर एका हिंदू न्हाव्याने आपल्या घरी सांभाळलेले असते. गोरा प्रथम त्या न्हाव्यावर रागावतो. परंतु जुलमी माणसाच्या ब्राह्मण घरी जेवावे की या न्हाव्याच्या घरी पाणी प्यावे, असा प्रसंग येतो तेव्हा त्याचे पाय न्हाव्याच्या घराकडे वळतात. शेवटी आपण १८५७च्या धामधुमीत अनाथ झालेले आयरिश बापाचे मूल आहो, हे त्याला कळते आणि साऱ्या भिंती एकदम कोसळतात. रवींद्रनाथांनी कडवेपणा केवळ सनातन्यांच्या पदरी बांधलेला नाही. हारानबाबू हा ब्राह्मसमाजी सुधारकही तितकाच असहिष्णू आहे. वाचकाला आपल्या विरोधकाच्या दोषाबरोबर आपला दोषही त्याच पुस्तकात सापडावा, अशी ही रचना आहे.

दुर्दैवाने शहर जे वाचते तसे ते नेहमीच वागते असे नाही. १९२६च्या एप्रिलमध्ये मशिदीवरून वाद्ये वाजवीत मिरवणूक नेण्यावरून कलकत्त्यात दंगा उसळला आणि तो आठवडेच्या आठवडे धुमसत राहिला. तेव्हा काझी नझरुल इस्लाम यांनी मंदिर आणि मशीद या विषयावर जळजळीत निबंध लिहिला. इमारतींसाठी लढून पडलेली दोन्ही धर्मांची माणसे मरताना आईलाच हाक मारतात आणि तीही एकाच भाषेत, हे त्यांनी दाखविले. तरीही वीस वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४६ रोजी, त्याच शहरात जो नरसंहार सुरू झाला, त्यात चारच दिवसांत सुमारे चार हजार माणसे मेली असा अंदाज आहे. त्या दिवसांत वाचन चालू नव्हते असे नाही. पत्रके वाचली जात होती, अफवाही वाचल्या जात होत्या. प्रत्येक वस्ती फक्त आपल्या मृतांची हकिगत वाचीत होती. पुढे १९४७च्या ऑगस्टमध्ये गांधीजी बेलियाघाटा येथील हैदरी मंझिलमध्ये येऊन राहिले आणि पुन्हा दंगा भडकला तेव्हा १ सप्टेंबरला त्यांनी उपोषण आरंभिले. ४ सप्टेंबरला सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली, काहींनी शस्त्रे आणून पायाशी ठेवली, आणि उपोषण सुटले. जे लाखो अक्षरांनी साधले नाही, ते एका माणसाच्या देहदंडाने साधले, हे खरे. पण तेही असेच घडले, की प्रत्येकाला आपल्या बाजूच्या अपराधाकडे पाहावे लागले.

या दीर्घ इतिहासातून वाचकाने काय घ्यावे? धर्मांधतेविषयीचे वाचन औषधासारखे आहे. मात्रा आणि अनुपान चुकले तर त्याचे विष होते. ज्या वाचनात नेहमी दुसराच अपराधी असतो, ते वाचन कितीही सत्य असले तरी मन आखडून टाकते. म्हणून ज्याच्याविषयी वाचतो त्याच्याच घरातील सुधारकांचे, त्याच धर्मातील व्यथित माणसांचे लेखन शेजारी ठेवावे. सतीच्या वार्तेबरोबर राममोहन वाचले नाहीत, तर हिंदू समाजाविषयीचे ते ज्ञान अर्धेच राहते. आणि हा न्याय प्रत्येक समाजाला लागू आहे. दुसरे असे, की आकड्यांनी डोळे उघडतात, पण अंतःकरण उघडते ते एका माणसाच्या कथेने. नुसते आकडे वाचणारा निबर होतो आणि नुसत्या कथा वाचणारा भडकतो. दोन्ही एकत्र वाचावीत. तिसरे, वचनाचा आधार कोणी दिला तर मूळ ग्रंथ उघडून पाहावा. काशीस गेलेल्या त्या चार विद्यार्थ्यांनी जे केले, त्याला आज काशीचा प्रवासही करावा लागत नाही. आणि वाचून संताप आला, तर त्या संतापात लगेच मत ठरवू नये. देवेंद्रनाथांना आपला सिद्धान्त बदलावयास वर्षे लागली. हाड फेकावयास एक क्षण पुरला.

श्रद्धा बदलली म्हणजे गेली, अशी समजूत आपल्याकडे आहे. वस्तुतः जी श्रद्धा सत्याच्या वाऱ्याला भिऊन दारे लावून बसते, तिला तिच्याच मालकाचा भरवसा नसतो. आपल्या धर्माच्या नावाने झालेले अन्याय जो डोळे उघडे ठेवून वाचतो, आणि वाचूनही आपली प्रार्थना सोडीत नाही, मात्र त्या प्रार्थनेत शेजाऱ्यालाही सामावून घेतो, त्याच्या श्रद्धेतून काही गळून पडले असेल. पण जे गळून पडले ते धर्माचे नव्हतेच. ते भयाचे आणि अहंकाराचे होते.